चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द

माझं अक्षर मोत्यासारखं.
गडहिंग्लजच्या शाळेत याचं कौतुक होतं.
नाडगौडाबाई वही वर धरून वर्गभर फिरायच्या:
'मोडक्या छत्रीचे मनोगत', पाने तीन.
ते मी शनिवारी शाळा सुटल्यावर सुरू केलं
आणि रविवारी दिवेलागणीला संपवलं.

ग्रिम्सबीत मोती ओवायला वेळ नाही.
पहिल्या खेपेला भरले एकशे एकोणचाळीस शब्द
आणि टेबलावर रबराचा एवढा भुगा
की उद्धव म्हणाला, निबंध कुठला, हा की तो?

खोट कुठं आहे ते मला कळत होतं.
वाक्य आधी मराठीत उभं राहतं, चपला घालतं,
मग शेवटी निवांत बसलेलं क्रियापद
पंगतीतून पाहुणा उठवावा तसं उठवून
मध्ये नेऊन बसवायचं.
तोवर 'द' लावू की नको
यात काटा कुठल्या कुठं.

रात्रपाळीत खोली नऊच्या एनिडबाई जाग्या असतात.
वय चौऱ्याण्णव. गोदीवर, मासळीच्या लिलावात
पहाटे बोली टिपायच्या त्या,
हातमोज्यांची बोटं कापून.
त्यांनी माझा कागद उजेडात धरला,
माझं रबर उचललं, आणि परत दिलंच नाही.
चुकलं तर एक रेघ मार, म्हणाल्या, आणि पुढं चल.
हॅडक तुझ्यासाठी थांबत नसतो.

दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरातून
अंडी उकडायचं घड्याळ मागवलं,
लाल, कोंबडीच्या आकाराचं.
ते मांडीवर घेऊन बसायच्या.
पाच मिनिटं नुसता विचार. चार ओळी, काड्यांसारख्या.
मग लिही. मागं वळून पाहिलंस तर चहा तू करायचास.
चहा तसाही मीच करत होते.

एकशे सत्तर.
एकशे शहाण्णव.
मग एकदा एकशे बावन्न, त्या रात्री
खोली चारची घंटा थांबेना.

मार्चमध्ये एनिडबाई न्हाणीच्या दारात पडल्या.
रुग्णवाहिकेचा माणूस जिन्यापाशी उभा,
आणि मी नोंदवहीत:
दोन दहाला आवाज आला. दोन अकराला मी पोचले.
डाव्या कुशीवर. शुद्धीत. रक्त नाही.
स्वतःचं नाव नीट सांगितलं.
माझंही सांगितलं, चुकीचं, नेहमीसारखं.
हात गार. माझा स्वेटर घातला.
चष्मा पलंगाखाली सापडला, काच शाबूत.

ब्लेसिंगनं सकाळी प्रत काढताना
उगाच शब्द मोजले. दोनशे अठ्ठ्याऐंशी.
अकरा मिनिटं.
अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
मध्ये मराठी कुठं आडवी आली नाही,
किंवा आली असेल,
मला वळून पाहायला सवड नव्हती.

परीक्षा लिंकनला. विषय:
शहरातल्या मोटारी कमी कराव्यात का?
मला मोटार नाही, मतही नव्हतं.
दोन मिनिटं खिडकीबाहेरच्या मोटारी पाहिल्या.
मग धरलं की एक मोटार पडलीय,
जिन्यापाशी माणूस उभा आहे,
आणि त्याला एवढंच हवंय:
काय झालं, कधी, आता काय करायचं.
दोनशे एकसष्ट. सात रेघा.
समारोप एका वाक्याचा, तोही लंगडा.

एनिडबाई परत आल्यात,
आता तळमजल्यावर, खोली दोन.
त्यांनी निकालाचं विचारलं नाही.
उशीखालून रबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं;
त्याला पेपरमिंटचा वास येत होता.
कोंबडी कुठंय, एवढंच म्हणाल्या.

कोंबडी माझ्या पिशवीत आहे.
लिंकनला तीही आली होती, बाहेर कपाटात बसली होती.
स्वयंपाकघरात दोन आठवडे झाले,
सगळे अंडी अंदाजानं उकडताहेत.